पंचेचाळिसाची खूण

१

विमान नाकावर उभं होतं आणि पेट्रोलचा वास येत नव्हता.

तपासनिसाला पहिल्यांदा खटकलं ते हेच. कापणी झालेलं गव्हाचं लांबलचक शेत, शेताच्या टोकाला पाण्याचा चर, आणि त्या चरात नाक खुपसून, शेपूट आभाळाकडे करून राहिलेलं ते चार माणसांचं पांढरं विमान. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पडलेली विमानं काही कमी पाहिली नव्हती. नेहमी वास आधी यायचा आणि विमान नंतर दिसायचं. इथं नुसता वाळल्या काडाचा वास होता.

"या साहेब." पन्नाशीचा एक काटकुळा माणूस बांधावरून लगबगीनं उतरला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. "मी विमानतळावरचा मिस्त्री. अकराला पडलं. साडेअकराला मी मोटरसायकलवर इथं. गावकऱ्यांनी कॅप्टनबाईंना बाहेर काढून दवाखान्याच्या गाडीत घातलं होतं. तेव्हापासून मी इथंच आहे. माणूस काय, कुत्रंसुद्धा जवळ फिरकू दिलं नाही."

"तुम्ही काय काय हलवलंत?"

"बॅटरीची वायर तेवढी काढली."

तपासनिसानं मान डोलावली. माणूस कामाचा दिसत होता. कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढायची त्याची जुनी सवय. त्याप्रमाणे त्यानं चहूबाजूंनी फोटो काढले आणि मग आत डोकावला. पुढची काच फुटून चरातली माती थेट आत घुसली होती. नकाशे, थर्मास, पाण्याची बाटली, सगळं घरंगळत पुढं पायांपाशी गेलं होतं, आणि सगळ्यावर माती नि काचेचा चुरा बसला होता. मागच्या सीटच्या पाठीला इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांत टाकीची मापकाठी खोचलेली होती.

अशा छोट्या विमानांतल्या पेट्रोलच्या काट्यांवर शहाणा वैमानिक विसंबत नाही. तो पंखाशी चढतो, टाकीचं झाकण उघडतो, काठी बुडवतो आणि कुठल्या आकड्यापर्यंत ओली झाली ते बघतो. उजव्या पंखात एक टाकी, डाव्या पंखात एक.

तपासनिसानं दोन्ही टाक्यांत टॉर्च मारून पाहिली. कोरड्या ठणठणीत.

मग त्यानं मातीतून उड्डाणवही उचलली, झटकली आणि आजचं पान काढलं. बाईचं अक्षर ठसठशीत होतं. 'निघताना काठीनं मोजलं. डावी ४५ लिटर, उजवी ४५ लिटर.'

नव्वद लिटर म्हणजे तीन तासांचं पेट्रोल. आणि बाई हवेत होती एक तास चाळीस मिनिटं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान ट्रकवर घालून हँगरमध्ये आणलं आणि सरळ उभं केलं. तपासनिसानं मापाच्या डब्यानं टाकीत वीस लिटर ओतले आणि काठी बुडवली. काठी बरोबर विसाच्या खुणेपर्यंत भिजली. आणखी पंचवीस ओतले. काठी पंचेचाळिसावर. टाकी कुठं गळतही नव्हती.

"काठी माझ्या हातची आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला. "ती खोटं बोलायची नाही."

"मग कोण बोललं?"

मिस्त्रीनं खांदे उडवले. "मी लहान माणूस. मी कसं बोलू?"

पंपाच्या नोंदवहीत सोमवारनंतर या विमानात थेंबभर पेट्रोल घातल्याची नोंद नव्हती. पंपवाला शपथेवर सांगत होता की त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळच्या नोंदीत बाईनंच लिहिलं होतं: शिल्लक, डावी २५, उजवी २५. म्हणजे रात्रीतून चाळीस लिटर वाढले होते, आणि ते फक्त कागदावर.

तपासनिसाच्या डोक्यात चित्र पुरं झालं. बाईला वाटलं, पेट्रोल भरलं असेल. पंखाशी चढायचा कंटाळा केला, काठी न बुडवता मनानं आकडा लिहिला आणि निघाली. त्यानं अहवालाचा कोरा कागद पुढं ओढला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'कारण: वैमानिकाचा निष्काळजीपणा.' हे शब्द लिहिताना त्याचं अक्षर नेहमीच सुरेख यायचं.

त्याचं कारण त्याला ठाऊक होतं, पण ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. एकविसाव्या वर्षी वैमानिकाच्या परीक्षेत तो सगळ्यांत पहिला आला होता, आणि डोळ्यांच्या तपासणीत पाच मिनिटांत बाहेर. तेव्हापासून तो उडणाऱ्यांच्या चुका शोधत आला होता. चुका असायच्याही. पण सापडली की घशाखाली काहीतरी गोड उतरायचं, आणि त्या गोडीची त्याला घरी गेल्यावर शरम वाटायची.

मिस्त्रीनं चहा आणून ठेवला. समोर बाकावर एक वृद्ध गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. पांढऱ्याशुभ्र मिश्या, इस्त्रीचा शर्ट.

"आमचे थोरले कॅप्टन," मिस्त्री हळूच म्हणाला. "मालकांचं विमान बावीस वर्षं यांनी चालवलं. हृदयाचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसवलं. मग यांच्या जागी बाई आल्या."

"यांना कसं वाटलं असेल?"

"तुम्हीच बघा की. रोज इथं येऊन बसतात. दुसऱ्याला आपल्या खुर्चीत बसलेलं रोज बघायचं, म्हणजे..." मिस्त्रीनं वाक्य अर्धंच सोडलं. "बाईंच्या यजमानांचंही तेच. तेही वैमानिक. मालकांनी दोघांची परीक्षा घेतली आणि बायकोला निवडलं. घरात काय वातावरण असेल!"

तपासनिसाला हा माणूस आवडायला लागला होता.

३

कॅप्टनबाईचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. वय चौतीस-पस्तीस. चेहऱ्यावर काचेचे बारीक ओरखडे. उशाशी नवरा बसला होता, दाढी वाढलेला.

"मी काठी बुडवली होती," ती पहिल्यांदा हेच बोलली. "दोन्हीकडे."

"तुम्ही पेट्रोल भरायला सांगितलं कोणाला?"

"आदल्या संध्याकाळी पंपवाला लवकर गेला होता. मी चिठ्ठी लिहिली, 'दोन्हीकडे वीस-वीस लिटर घाल,' आणि पंपाच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. सकाळी पाहते तर काठी पंचेचाळीस. म्हटलं, भरलंन बरोबर."

"पंपवाल्याला चिठ्ठी मिळाली नाही."

"मग पंचेचाळीस कुठून आले?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय."

तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. "साहेब, माझं लायसन जाईल का?"

तपासनिसानं वहीचं पान उलटलं. "चिठ्ठी लावताना आसपास कोण होतं?"

"हे होते. गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. चिठ्ठीत काय लिहू ते मी यांनाच मोठ्यानं विचारलं, वीस की पंचवीस. थोरले कॅप्टन बाकावर होते. मिस्त्री शेजारी वर्कशॉपमध्ये."

नवरा त्याला पोचवायला व्हरांड्यात आला. दार लोटून घेतलं आणि खाली बघत म्हणाला, "साहेब, लायसन जात असेल तर जाऊ द्या."

"काय म्हणालात?"

"दोन वर्षं झाली. ती वर जाते आणि मी खाली घड्याळ बघत बसतो. लोक विचारतात, तुमच्या मिसेसच का वैमानिक? मी हसतो." त्यानं लोटलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. "काल फोन आला तेव्हा आधी तसाच दवाखान्याकडे पळालो, ती जिवंत असू दे एवढंच म्हणत. आणि त्याच्यामागून, अगदी मागून, एक विचार आला की आता ती घरी राहील. असा माणूस आहे मी."

तपासनीस त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस खरं बोलत होता, की खऱ्याचा थोडासा तुकडा पुढं करून बाकीचं झाकत होता?

४

मालक परगावीच होते. बाईनं त्यांना तिथं सोडून रिकामं विमान परत आणायचं ठरलं होतं. तपासनिसानं त्यांना फोन लावला तो केवळ रकाना भरायला.

"तिनं काठी बुडवली नाही?" मालक फोनवर ओरडलेच. "अहो, त्या काठीपायी तर मी तिच्यावर डाफरलो! मला उशीर होत होता आणि ही पंखाशी चढलेली. शेवटी तिनं ओली काठी माझ्या नाकासमोर धरली. म्हणाली, वाचा. मी वाचलं. पंचेचाळीस. मग दुसऱ्या टाकीचीही दाखवली. तीही पंचेचाळीस."

"तुमची खात्री आहे?"

"मी आकड्यांवर जगणारा माणूस आहे. माझ्या हाताला पेट्रोल लागलं, ते मी रुमालाला पुसलं. रुमाल अजून इथं आहे."

तपासनिसानं फोन ठेवला. समोर अहवालाचा कागद होता, सुरेख अक्षरातली पहिली ओळ होती. त्याला त्या ओळीचा भयंकर राग आला. आणि मग कळलं की राग ओळीचा नव्हे, ती खोडावी लागणार याचा आहे.

काल सकाळी काठी खोटं बोलली होती. आज तीच काठी खरं बोलत होती. लाकूड काही आपणहून सुधारत नाही.

काठ्या दोन होत्या.

५

तो अर्धा तास एकटाच बसून राहिला. काठी वीस लिटर जास्त दाखवेल, ती कशी? त्यानं पेन्सिल घेतली, कागदावर काठी काढली आणि खालचं टोक बोटानं झाकलं. झालं की! काठी खालून चार बोटं कापली की सगळे आकडे तेवढे खाली सरकतात. टाकीत पंचवीस लिटर असले तरी पेट्रोल पंचेचाळिसाच्या खुणेला लागतं. दहा आणि वीस या खुणा गायब झाल्या, हे घाईत कोण बघतो? माणूस ओल्या रेघेकडे बघतो.

आणि बरोबर विसानंच का कापली? कारण चिठ्ठीत वीस होते. ज्यानं चिठ्ठी काढून घेतली, त्यानंच काठी कापली. पेट्रोल घालायचं नाही, पण घातल्यासारखं दिसायला हवं. चिठ्ठीतला आकडा तिघांना ठाऊक असू शकत होता: नवऱ्याला, थोरल्या कॅप्टनांना आणि मिस्त्रीला.

त्यानं शेतातले फोटो काढून टेबलावर मांडले. पाहता पाहता त्याचं बोट एका फोटोवर थांबलं. थर्मासवर माती. बाटलीवर माती. इलॅस्टिकच्या पट्ट्यांवरही काचेचा चुरा चमकत होता. आणि त्या धुळकट पट्ट्यांत खोचलेली काठी मात्र स्वच्छ होती, जणू कोणी नुकतीच फडक्यानं पुसली असावी. काल त्यानं स्वतः ती पाहिली होती, हातात घेतली होती, आणि त्याला काही दिसलं नव्हतं. कारण त्याला बाईची चूक बघायची होती.

खरी काठी विमान पडल्यावर आत ठेवली गेली होती. नवरा फोन येताच सरळ दवाखान्यात गेला होता, शेतात तो आलाच नाही. थोरल्या कॅप्टनांना डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली होती. ते दिवसभर बाकावरून हलले नव्हते. आणि शेतात माणूस काय, कुत्रंसुद्धा फिरकू दिलं नव्हतं.

तपासनीस उठला. त्याला विजयाचा आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. ज्या एका माणसाशी त्याचे सूर जुळले होते, त्याच्याच दाराशी तो निघाला होता.

६

वर्कशॉपची भिंत बघण्यासारखी होती. प्रत्येक हत्यार खिळ्याला टांगलेलं आणि त्याच्याभोवती पांढऱ्या रंगानं त्याचीच आकृती रंगवलेली, म्हणजे हत्यार जागेवर नसेल तर लगेच दिसावं. सगळ्या आकृत्या भरलेल्या होत्या. खिडकीशेजारची एक, लांब नि बारीक, तेवढी रिकामी होती.

"इथं काय असतं?" तपासनिसानं विचारलं.

मिस्त्री कानशीनं काहीतरी घासत होता. त्यानं मान वर केली नाही. "जादा मापकाठी होती. मागच्या वर्षी मोडली."

"मोडली?" दारातून आवाज आला. थोरले कॅप्टन बाकावरून उठून आत आले होते. "अरे, गेल्याच रविवारी माझा चष्मा कपाटामागं पडला, तो मी त्याच काठीनं काढला. तूच नव्हती का दिलीस?"

कानस थांबली.

"मिस्त्री," तपासनीस हळू आवाजात म्हणाला, "विमानातली काठी तुम्ही चार बोटं कापलीत. सकाळी बाई घाईत होत्या तेव्हा ती खालून वर त्यांच्या हातात दिली कोणी, हे मी त्यांना विचारलं तर त्या कोणाचं नाव घेतील? विमान पडल्यावर तुम्ही ही भिंतीवरची काठी शर्टाखाली घालून शेतात गेलात. कापलेली बाहेर काढलीत, चांगली आत खोचलीत. फक्त तिच्यावर माती टाकायला विसरलात. तुमच्या हाताला वस्तू पुसून ठेवायची सवय आहे."

मिस्त्री स्टुलावर बसला, अंगातलं वारं गेल्यासारखा.

"ती मरायला नको होती," तो म्हणाला. "देवाशपथ सांगतो. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. पंचेचाळीस लिटर. टाक्यांत पन्नास होते. विमान घरी यायला पाहिजे होतं, टाक्या सुकवून. मग मी सगळ्यांसमोर चांगली काठी बुडवणार होतो. यांना दाखवणार होतो." त्यानं थोरल्या कॅप्टनांकडे बोट केलं. "की बघा, तुमची लाडकी शिष्या कशी आहे ती."

"आणि वारा?" तपासनिसानं विचारलं. "येताना समोरचा वारा होता. पाऊण तासाचा प्रवास तासाच्या वर गेला."

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. "वारा मी हिशेबात धरला नाही," तो पुटपुटला. "मी कधी वर गेलोय कुठं, साहेब, वारा धरायला?"

थोरले कॅप्टन काठी टेकत पुढं आले. "पण का रे? माझ्यासाठी केलंस? मला तिचा कधी राग नव्हता. मीच तिला तयार केली."

"आठ महिन्यांत!" मिस्त्री ताडकन उठला. "आठ महिन्यांत तयार केलीत तिला! मला काय म्हणाला होतात? या शेडमध्ये, इथंच. मी इंजिन उतरवून पुन्हा बसवलं, एकट्यानं, तेव्हा तुम्ही पाठीवर थाप मारलीत. म्हणालात, इंजिन असंच नीट ठेव, एक दिवस तुला उडवायला शिकवतो. बावीस वर्षं मी नीट ठेवलं. बावीस वर्षं रोज सकाळी वाटायचं, आज म्हणतील. मग ती आली. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिला पुढं बसवलंत आणि मी खाली उभा राहून पंख धरला."

थोरले कॅप्टन आठवायचा खरोखर प्रयत्न करत होते.

"मी असं म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला मारलं असतं तर तो इतका कोसळला नसता.

तपासनीस खिडकीकडे वळला. त्याला ती बावीस वर्षं पाठ होती. फक्त त्याच्या हातात कानस नव्हती, पेन होतं. आणि त्या पेनानं आज सकाळी तोही एका निरपराध बाईला जमिनीवर बसवायला निघाला होता, पुरावा पुरता न बघता. मिस्त्रीनं वारा धरला नाही म्हणे. आपण तरी धरला असता का?

पोलिसांना फोन त्यानंच केला. दवाखान्यातही त्यानंच केला. नवऱ्यानं तो घेतला. मग हुंदका ऐकू आला आणि तो बायकोला ओरडून सांगताना ऐकू आला, "अगं, तुझी चूक नव्हती! तुझी काहीच चूक नव्हती!" त्या आवाजात खोट काढायला जागा नव्हती.

मग बाई फोनवर आली. मिस्त्रीचं नाव तिनं दोनदा विचारून घेतलं. तपासनिसानं घसा साफ केला आणि एकोणतीस वर्षांत कुठल्याही वैमानिकाला न विचारलेला प्रश्न तिला विचारला. "इंजिन बंद पडल्यावर तुम्ही उतरवलंत कसं?" तिनं सांगितलं. तो मधे न बोलता ऐकत राहिला.

पोलिसांची गाडी यायला वेळ होता. मिस्त्रीनं हात धुतले, हत्यारं एकेक करून जागेवर लावली आणि दाराशी येऊन तपासनिसाच्या शेजारी उभा राहिला. पळून जाणारा माणूस तो नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "त्या शेताच्या अलीकडे विजेच्या मोठ्या तारा आहेत. काल दिवसभर मी त्या बघत होतो. तिनं कसं आणलं?"

तपासनिसानं सांगितलं. इंजिन थांबलं तेव्हा सरळ खाली सपाट रस्ता होता, पण त्याच्यावर गाड्या होत्या, म्हणून तिनं तो सोडला. शेत धरलं. तारा दिसल्या तेव्हा उंची जेमतेम होती. तिनं आधी नाक खाली दाबलं.

"खाली?" मिस्त्रीनं विचारलं. "तारा समोर असताना?"

"वेग मिळवायला. अगदी जवळ येईपर्यंत दाबून ठेवलं आणि मग एकदाच वर उचललं. तारांवरून पलीकडे, आणि लगेच पुन्हा नाक खाली. दार अडकू नये म्हणून मधल्या मधे पायातला बूट काढून दाराच्या फटीत घातला. चर शेवटपर्यंत दिसला नाही, नाहीतर खरचटलंही नसतं."

मिस्त्री डोळे मिटून ऐकत होता. त्याचा उजवा हात हळूच पुढं झाला, मूठ वळली, दाबली गेली, मग मागं आली. तसाच तो थोडा वेळ उभा राहिला.

"मला नसतं जमलं," तो म्हणाला.

फाटकातून पोलिसांची गाडी आत वळली. तपासनिसानं चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही.

"मलाही नसतं जमलं," तो म्हणाला. म्हणताना आत कुठंतरी लागलंच. पण म्हणून झालं.